उडत गेला, असं मेतवल्ली म्हणाला

मिसरमधल्या दुम्यात गावच्या सुतारगल्लीत मशिदीकडून तिसरं दुकान मेतवल्ली अल-बद्रीचं. हाताला असं वळण, की त्यानं खुर्चीच्या पाठीवर द्राक्षांचा घोस कोरला तर माशी येऊन बसावी. बोलणं मात्र फार कमी. गिऱ्हाइकानं दहा वाक्यं बोलावीत, तेव्हा याच्याकडून एक ‘होईल’ यायचं. बायको लग्नानंतर दोनच वर्षांत तापानं गेली. त्यानंतर त्यानं दुसरं लग्न केलं नाही. धाकटी बहीण वहीबा आणि तिचा नवरा रिझ्क त्याच्याच घरी राहत. अंगण एक, चूल एक.

त्याला उडण्याचं वेड नेमकं कधी लागलं, हे त्यालाही सांगता येत नसे. वहीबाला मात्र ते पक्कं ठाऊक होतं. शरदात लावे पक्षी समुद्र ओलांडून येतात आणि थकून किनाऱ्यावरच्या जाळ्यांत पडतात. एका वर्षी तिनं भातात घालायला आणलेल्या लाव्यांतला एक जिवंत निघाला. मेतवल्लीनं तो हातात घेतला, पंख उघडून पाहिला, मिटून पाहिला, पुन्हा उघडला. जेवण निवून गेलं.

“खूया,” वहीबा म्हणाली. भावाला ती लहानपणापासून खूयाच म्हणायची. “तो खायचा असतो. वाचायचा नाही.”

पण मेतवल्लीनं तो पक्षी सोडून दिला आणि त्या हिवाळ्यात दुकानाच्या मागच्या खोलीत पहिला पंख बांधायला घेतला.

रिझ्क शिडं शिवायचा. नदीकाठी त्याची पडवी होती आणि तिथं सदा चार माणसं जमलेली असत, कारण रिझ्कचं तोंड कधी बंद नसे. सुई चालायची तशी जीभ चालायची. मेहुण्याचा उद्योग पाहिल्यावर त्यानं आधी पोट धरून हसून घेतलं, आणि मग दुसऱ्या दिवशी स्वतःच मांजरपाटाचा तागा खांद्यावर टाकून आला.

“उस्ता, हे असलं कापड लावून तू फार तर कोंबडी उडवशील,” तो म्हणाला; कसबी कारागिराला तिथं उस्ताच म्हणत. “वारा अडवायचा असेल तर शिवण दुहेरी लागते. सरक तिकडं.”

एकोणीसशे दहाच्या फेब्रुवारीत कैरोबाहेरच्या वाळवंटात फिरंग्यांनी विमानं उडवून दाखवली, तेव्हा दोघं आगगाडीनं बघायला गेले. परत येताना मेतवल्ली खिडकीबाहेरच बघत होता. इंजिनाची किंमत त्यानं एका मेकॅनिकला विचारली होती आणि तो मेकॅनिक नुसता हसला होता.

“इंजिन नाही तर नाही,” रिझ्क म्हणाला. “वारा तर आपल्या घरचा आहे ना? शिडाच्या होडीला कुठं इंजिन असतं?”

त्या उन्हाळ्यात त्यांचं यंत्र तयार झालं. दोन मोठे पंख, मागे शेपूट, मधे माणसानं काखेत दांडे धरून लोंबकळायचं आणि पाय हलवून तोल सांभाळायचा. पंख एवढे लांब, की दुकानातून गल्लीत काढता येईनात. तेव्हा मेतवल्लीनं एक युक्ती काढली. प्रत्येक पंख मधोमध बिजागरीवर दुमडायचा, लाव्यासारखा; उघडला की सांध्यात तुतीच्या लाकडाची जाड खुंटी ठोकायची आणि पंख ताठ. उघडताना ठक्क असा आवाज व्हायचा. या बिजागरीचा त्याला फार अभिमान होता. एरवी न बोलणारा माणूस, पण बिजागरी दाखवताना अर्धा तास बोलायचा.

रास-अल-बरच्या टोकाला, जिथं नदी समुद्राला मिळते, तिथं वाळूचा एक उंच उंचवटा होता. उन्हाळी पाहुण्यांच्या बोरूच्या झोपड्या सप्टेंबरात उतरवल्या की तिथं मच्छीमार आणि लावेवाले सोडून कोणी नसे. सप्टेंबरभर मेतवल्ली त्या उंचवट्यावरून वाऱ्याच्या तोंडावर धावत सुटायचा आणि वीस-तीस पावलं हवेत जायचा. एकदा चाळीस. मच्छीमार टाळ्या पिटायचे. मग रिझ्कची पाळी ठरली. तो अंगानं हलका, जास्त लांब जाईल, हे दोघांनाही दिसत होतं.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी ते होडीनं यंत्र घेऊन गेले. वारा हवा तसा होता. उतरवताना उजव्या पंखाची खुंटी पाण्यात पडली. नदीला पूर होता, लाल गढूळ पाणी जोरात समुद्राकडं चाललेलं. खुंटी दिसेनाशी झाली.

“उद्या येऊ,” मेतवल्ली म्हणाला.

“उद्या हा वारा येईल का?” रिझ्क म्हणाला. “अरे, तू सुतार ना? एक खुंटी करता येत नाही?”

मेतवल्लीनं वाळूत पडलेल्या होडीच्या जुन्या फळीतून एक तुकडा काढला आणि वाकसानं तासला. लाकूड पावसापाण्यानं भुसभुशीत झालं होतं. पटाशी लावताच ते त्याच्या हाताला कळलं. हाताला कळलेलं त्यानं डोक्यापर्यंत जाऊ दिलं नाही. खुंटी ठोकली.

“बसली का खुंटी?” रिझ्कनं विचारलं.

“बसली.”

रिझ्क धावला. वाऱ्यानं त्याला असं उचललं, जसं शिड भरतं. उंचवट्याखाली नदीच्या बाजूला बसलेल्या मच्छीमारांच्या डोक्यावरून त्याची सावली गेली, त्यांनी आरोळी ठोकली, आणि मग मधे वाळू आडवी आल्यानं त्यांना तो दिसेनासा झाला. वर उभ्या असलेल्या मेतवल्लीला मात्र सगळं दिसत होतं. तीन खजुरीच्या झाडांइतका उंच गेला होता रिझ्क. हसण्याचा आवाजही आला. मग उजवा पंख सावकाश मागं गेला, उतरल्यावर पक्षी पंख मिटतो तसा.

जिथं नदीचं लाल पाणी समुद्राच्या निळ्या पाण्यात शिरतं, त्याच रेषेवर तो पडला. पांढरं कापड पाण्यावर पसरलं. मेतवल्लीनं हाक मारायला तोंड उघडलं. खाली दोन होड्या होत्या, वल्ही लावलेल्या, हाकेच्या अंतरावर. हाक आली नाही. कापडाचं एक टोक बुडलं, मग दुसरं. पूर सगळं ओढून नेत होता. कापड दिसेनासं झाल्यावर त्याचे पाय हलले आणि तो खाली पळत सुटला.

म्हातारे शलबी पुढं आले. मच्छीमारांत तेच वडीलधारे; सगळे त्यांना अम्म शलबी म्हणत, म्हणजे शलबीकाका.

“कुठं गेला रे आपला पक्षी?”

मेतवल्लीचा हात वर झाला. थेट उत्तरेला, मोकळ्या समुद्राकडं.

“तिकडं. उडत गेला.”

हे शब्द आपण का बोललो, याचं उत्तर पुढं त्यानं आयुष्यभर शोधलं. त्या क्षणी त्याच्या मनात बहीण नव्हती, रिझ्कही नव्हता. पंख मिटला, असं बोलून दाखवायचं नव्हतं, एवढंच. आणि एकदा बोट दाखवल्यावर ते परत घेता आलं नाही. दोन्ही होड्या उत्तरेला गेल्या. सोळा माणसांनी दुपारच्या नमाजापर्यंत वल्ही मारली. कोणी त्या लाल-निळ्या रेषेकडं पाहिलंसुद्धा नाही.

घरी वहीबा दारात उभी होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती, पण तिला ती भावाच्या तोंडून ऐकायची होती.

“तू पाहिलंस?”

“पाहिलं.”

“चांगला उडत होता?”

“हो.”

“मग उतरला असेल कुठंतरी,” ती म्हणाली, आणि रात्रीसाठी तिघांचं पीठ मळायला बसली.

पुढचा महिनाभर मेतवल्ली रोज पहाटे किनाऱ्यावर जायचा. लोकांना वाटलं, मेहुण्याला शोधतोय. खरं तर किनाऱ्याला काही लागलंच तर ते दुसऱ्या कोणाच्या आधी आपल्या हाती पडावं, म्हणून तो जात होता. एकोणिसाव्या दिवशी एक बरगडी सापडली. पंखाची वाकवलेली काठी, तिला वीतभर कापड आणि त्यावर रिझ्कची दुहेरी शिवण. जाड दोऱ्याची, एकेक टाका सारखा. मेतवल्लीनं ती झग्याखाली लपवून दुकानात आणली आणि सरस तापवायच्या शेगडीत घातली. ओलं लाकूड फार वेळ धुमसत राहिलं. त्या दिवसानंतर सरसाचा वास आला की तो उठून दारात जाऊन उभा राहायचा, आणि सुताराच्या दुकानात सरसाचा वास नाही असा दिवस नसतो.

गावानं मात्र रिझ्कला मरू दिलं नाही. मिसरचा पहिला माणूस समुद्रावरून उडाला, असं कॉफीखान्यात बोललं जाऊ लागलं. कोणी म्हणे, सायप्रसला उतरला. कोणी म्हणे, तिथं त्यानं दुसरी बायको केली, म्हणून येत नाही. हे ऐकून वहीबा भडकायची.

“ज्याला एक बायको बोलू देत नव्हती तो दुसरी कशाला करील?” ती म्हणायची, आणि बायका हसायच्या. तीही हसायची. तिनं विधवेचं काळं नेसलं नाही. बंदरात ग्रीक जहाज लागलं की ती खलाशांना गाठून विचारायची: उंच नाही, दाढी तांबूस, सारखं बोलतो. एका खलाशानं, बहुधा तिला बरं वाटावं म्हणून, सायप्रसच्या लार्नाका बंदरात असा एक शिडं शिवणारा पाहिल्याचं सांगितलं. त्या संध्याकाळी तिनं भावासमोर कागद आणि दौत ठेवली.

“लिही, खूया. मला अक्षर येत नाही आणि कारकुनाला सांगायची मला लाज वाटते.”

मेतवल्लीनं लिहिलं. ‘रिझ्कला वहीबाचा सलाम. अंगणातल्या लिंबाला यंदा फळ धरलं. तुझी सुयांची पेटी मी तेल लावून ठेवली आहे. तू रागावून गेला नाहीस हे मला माहीत आहे.’ अशी पाच पत्रं दोन वर्षांत त्यानं मेलेल्या माणसाला लिहिली. पाचव्या पत्राच्या शेवटी ती म्हणाली, “आता तुझंही काही लिही. तुझा जिवलग होता.” त्यानं लिहिलं, ‘मेतवल्लीचा सलाम’, आणि पुढं लेखणी चालेना. शाईचा डाग पडला.

दुकानातही रिझ्क होता. खुर्चीचा पाय बसवायचा, कुसू खाचेत ठोकायचं, की मागून प्रश्न यायचा: बसली का खुंटी? मेतवल्ली मोठ्यानं म्हणायचा, “बसली.” शेजारचा मोअव्वद, जो पॉलिशचं काम करायचा, त्यानं दोन-तीनदा हे ऐकलं.

“उस्ता, कोणाशी बोलता?”

“खुर्चीशी.”

“ती काय म्हणते?”

मेतवल्लीनं हातोडा उचलला आणि पुढचं कुसू ठोकायला घेतलं.

एकोणीसशे तेराच्या वसंतात त्यानं दुसरं यंत्र बांधायला घेतलं. या वेळी पंख अखंड होते, बिजागरीच नव्हती. यंत्र घराच्या गच्चीवर बांधलं आणि दोरांनी खाली सोडलं. आपण हे का करतोय, ते त्याला धड कळत नव्हतं. रिझ्कला जे शेवटचं दिसलं ते आपणही पाहावं, असं काहीतरी मनात होतं. आपणही पडलो तर बरं, असंही होतं.

कापड वहीबानं शिवलं. नवऱ्याच्या सुयांनी, नवऱ्याच्या पद्धतीनं, दुहेरी. महिनाभर ती गाणी गुणगुणत शिवत होती. मेतवल्लीला वाटलं, जुनं दुःख निवत चाललं असावं. उड्डाणाच्या सकाळी मात्र ती उंचवट्यावर चढून आली तेव्हा तिच्या हातात गाठोडं होतं. खाली अम्म शलबी आणि त्यांची माणसं थांबली होती. पंख धरायला हाक येईल तेव्हा ते वर येणार होते. वर भाऊ-बहीण दोघंच होती.

“हे कमरेला बांध,” ती म्हणाली. “एक झगा आहे, नवा. आणि थोडा खारवलेला बोरी मासा. तिकडं कोणाला खारवायला येत नाही म्हणतात.”

“कोणासाठी?”

“कोणासाठी म्हणजे?” ती हसली. “तू त्याला शोधायलाच चाललायस ना? एवढं मोठं यंत्र काय जाळी बघायला बांधलंस?”

मेतवल्ली वाळूत बसला.

“वहीबा, तो तिथं नाही.”

“मग कुठं आहे?”

त्यानं बोट दाखवलं. अडीच वर्षांपूर्वी दाखवायला हवं होतं तिकडं. वसंतात नदी आटलेली, तरी पाण्यात तांबूस रेघ दिसत होती.

“तिथं पडला. मी पाहिलं.”

तिनं त्या पाण्याकडं पाहिलं. मग तिनं विचारलं, आवाज अगदी साधा, बाजारात भाव विचारावा तसा, “लगेच बुडाला?”

“नाही. कापड तरंगत होतं.”

“किती वेळ?”

“शंभर मोजावेत इतका.”

“आणि होड्या?”

“खाली होत्या. आता आहेत तिथंच.”

“आणि तू उत्तर दाखवलीस.”

“हो.”

“का?”

“खुंटी मी केली होती. लाकूड कुजकं होतं. मला कळलं होतं.”

तिनं गाठोडं उचललं, त्याची गाठ पुन्हा घट्ट केली. मेतवल्लीला वाटलं, ती मारील. तिनं मारावं, असं त्याला फार वाटलं.

“पत्रं,” ती म्हणाली. “पाच पत्रं लिहिलीस तू.”

तिनं गाठोडं काखेत घेतलं.

“ऊठ. उड आता.”

“वहीबा—”

“उड म्हटलं ना. माणसं थांबलीत.”

अम्म शलबींची माणसं वर आली, पंख धरले, धावली. यंत्र सुटलं. मेतवल्ली आयुष्यात कधी नव्हता इतका उंच गेला, त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. जाळ्यांच्या पलीकडं, लाटांच्या पलीकडं. वर वाऱ्याखेरीज कसलाही आवाज नव्हता. त्याला वाटलं होतं, इथं रिझ्क असेल, काही विचारील. कोणी काही विचारलं नाही. खाली ती तांबूस रेघ आली तेव्हा त्यानं मान वाकवून पाहिलं. पाणी होतं. नुसतं पाणी, थोडा फेस. बघता बघता पाय हलवायचं भान राहिलं नाही, यंत्र एका बाजूला कलून किनाऱ्याकडं वळलं आणि काठाजवळच्या उथळ पाण्यात आदळलं. खांद्याचं हाड मोडलं. मच्छीमारांनी त्याला नाचत बाहेर काढलं. साडेतीनशे पावलं, कोणीतरी ओरडत होतं, साडेतीनशे! मेतवल्ली उंचवट्याकडं बघत होता. तिथं कोणी नव्हतं.

तो घरी पोचेपर्यंत वहीबानं काळं नेसलं होतं. शेजारणी जमल्या होत्या. “रिझ्क गेला,” तिनं त्यांना सांगितलं. “माझ्या भावानं पाहिलंय.” त्यापलीकडं तिनं कोणालाही काही सांगितलं नाही. शुक्रवारी मशिदीत रिझ्कसाठी देहाशिवायच जनाज्याचा नमाज झाला. त्यानंतर दोन दिवसांनी अम्म शलबी दुकानात आले आणि स्टुलावर टेकले.

“आम्ही वल्ही मारत होतो,” ते म्हणाले, “तेव्हा तो आमच्या पाठीमागं होता. होय ना?”

“होय, अम्म.”

“हाताला फोड आले होते पोरांच्या.”

म्हातारे काठी टेकत उठून गेले. त्या दुकानाची पायरी ते पुन्हा चढले नाहीत. त्याहून वाईट म्हणजे, त्यांनी ही गोष्ट गावात कोणाला सांगितलीही नाही. गाव मेतवल्लीला उडणारा उस्ता म्हणून मान देत राहिलं आणि तो मान त्याला रोज रस्त्यात सोसावा लागला.

वहीबा घर सोडून गेली नाही. भाकरी भाजायची, त्याचं ताट वाढायची, झगे धुवायची. बोलायची मात्र नाही. एक शब्द नाही. त्यानं काही मागितलं की ती ती वस्तू आणून ठेवायची. पहिलं महायुद्ध आलं आणि गेलं, इंग्रजांविरुद्ध मोर्चे निघाले, लिंबाचं झाड वठलं, नवं लावलं. त्या घरात आवाज एकाच माणसाचा होता आणि तो माणूसही फारसा बोलणारा नव्हता.

त्यानं पुन्हा पंख बांधला नाही. पण बिजागरीनं त्याला सोडलं नाही. दोन वर्षं तो मागच्या खोलीत तिच्याच मागं लागला होता, आणि शेवटी त्यानं अशी कळ बसवली, की खुंटीच लागू नये आणि वजन पडलं की सांधा आणखी घट्ट व्हावा. त्या कळीवर त्यानं दुमडती खुर्ची केली. रास-अल-बरच्या पाहुण्यांना ती फार आवडली; उन्हाळ्यात बोरूच्या झोपडीपुढं जिथं बघावं तिथं उस्ताची खुर्ची. एकही मोडून परत आली नाही. मोअव्वद सांगायचा, की उस्ता प्रत्येक खुर्ची विकण्याआधी तिच्यावर शंभर आकडे मोजेपर्यंत उभा राहतो. का, ते कोणाला माहीत नव्हतं.

एकोणतीस सालच्या एका दुपारी गावावरून खऱ्या इंजिनाचं विमान गेलं, अगदी कमी उंचीवरून, मोठा आवाज करत. मुलंबाळं गच्च्यांवर धावली. मेतवल्ली अंगणात बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही. वहीबा धुणं वाळत घालत होती. ती थांबली, कपाळावर हात धरून विमान दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली.

“त्यात बसलेल्यांना खालचं पाणी दिसतं?” तिनं विचारलं.

सोळा वर्षांनी तो आवाज ऐकून मेतवल्लीला आधी वाटलं, हाही नेहमीसारखा कानातलाच. मग त्यानं पाहिलं, ती त्याच्याकडं बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता, माया नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“दिसतं,” तो म्हणाला.

“पाण्यावर माणूस असला तर?”

“दिसेल.”

“तोही यांना बघत असेल.”

“बघत असेल.”

ती थोडी थांबली, जणू आणखी एक प्रश्न होता. मग तिनं ओला झगा झटकला आणि दोरीवर टाकला. त्यानंतर ती त्याच्याशी बोलू लागली: मीठ संपलंय, दार लाव, खोकला वाढलाय. घरात लागतं तेवढंच. मेतवल्ली आणखी नऊ वर्षं जगला, आणि तेवढ्यावर जगला.